अकरावं घुबड

गिऱ्हाइक आलं तेव्हा पोतदारांनी
तराजूवरचा पंखा बंद केला.
माणूस मंद्रूपकडचा. रुमालात अकरा घुबडं.
ग्रीक, म्हणाला. चांदीची. विहीर खणताना सापडली.
मग, कुणी विचारलं नसताना,
विहीर कुणाची तेही सांगितलं.

पोतदार काही बोलले नाहीत. भिंग माझ्याकडं सरकवलं.
"नागमणी, बघ की गं."

एकवीस वर्षं मी टॉवेल तपासले
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
एक धागा चुकला तरी बोट आपोआप थांबायचं.
तिथं दोन मोर हुबेहूब निघाले की माल पास.
इथं उलटं.
हातोड्यानं पाडलेलं नाणं दरवेळी थोडं सरकतं,
कुठं ऑलिव्हचं पान कडेबाहेर, कुठं चोच अर्धी.
या दहा घुबडांच्या डाव्या डोळ्याखाली
एकच ओरखडा, एकाच लांबीचा.
काठावर कानशीनं पुसलेली शिवण,
पिसांत बारीक भोकं,
दोशाला तव्यावर पडतात तशी.
वाजवून बघितलं. दहाही बद्द.

"ओतलेली आहेत," मी म्हटलं.
माणूस म्हणाला, विहीर फार खोल होती.

अकरावं त्यानं जोडीला फुकट टाकलं होतं,
कापलेलं आहे, कोण घेणार.
घुबडाच्या पाठीवर छिन्नीचा घाव,
घावाच्या तळाशी हिरवट.
तांबं.
वजन जेमतेम सोळा ग्रॅम, हवं सतराच्या वर.
अंगावर चांदीचा पत्रा, पोटात तांबं.
पण घावातली मातीसुद्धा दगड झालेली,
सुईनं निघेना.

म्हणजे कुठल्यातरी बंदरावर, कट्ट्यावर,
माझ्यासारखंच कुणीतरी बसलं होतं.
उचललं, तोललं, कपाळाला आठी घातली
आणि छिन्नी लावली.
समोरच्यानं तेव्हा
कुठल्या विहिरीचं नाव घेतलं असेल?

"खरं का खोटं?" पोतदारांनी विचारलं.
त्यांचे पणजोबा, खापरपणजोबा
हेच सांगून पोट भरायचे,
आडनाव तेवढं उरलं.
"खोटंच," मी म्हटलं. "पण तेव्हाचं खोटं.
आज कुणी केलेलं नाही."

माणसानं दहा नाणी रुमालात बांधली,
दोन गाठी मारल्या, उन्हात निघून गेला.
अकरावं काचेवर राहिलं,
दोन्ही डोळे टक्क उघडे.

पोतदारांनी वहीत लिहिलं, घुबड, नग एक.
किमतीच्या रकान्यावर पेन आलं
आणि तिथंच थांबलं.
पंखा लावायचं
कुणाच्याच लक्षात आलं नाही.