कलम अकरा

गालिचा उचलला तेव्हा खाली वाळू निघाली.
नऊ वर्षांची. मैद्यासारखी बारीक,
दाराखालून, बुटांतून, एसीच्या फटीतून आलेली.
पायाखालची वाळू सरकते म्हणतात;
आमची जागची हललीच नव्हती.
तिच्यात पंचवीस बैशांचं नाणं, लेगोचं एक हसरं डोकं
आणि ऋजुताचा दुधाचा दात,
जो उंदराने नेला असं आम्ही तेव्हा ठरवून टाकलं होतं.
आता बारा वर्षांची ती.
म्हणाली, "ई, फेकून दे."
मी खिशात टाकला.

सोहारच्या दुकानात रंगांचं कार्ड पंख्यासारखं उघडलं.
नावं सगळी परकी. आम्ही आमची ठेवली:
कच्ची कैरी, ताकाची निवळ,
कोकमाचं पहिलं पाणी, भिजलेल्या मुगाचं साल.
विहंगला गुहा हवी होती, काळी.
ऋजुताला खेळायची खोलीच नको होती,
टेबल हवं होतं, आणि दाराला कडी.
निरंजन म्हणाला, अर्धी-अर्धी करू.
रात्रपाळीहून आलेला माणूस कशालाही अर्धं म्हणतो.
शेवटी मुगाचं साल खाली, ताकाची निवळ वर,
मधे कंबरेच्या उंचीवर चिकटपट्टीची रेघ.
कंबर कोणाची, यावर अर्धा तास.

घरमालकाचा माणूस फोनवर म्हणाला,
लावा कुठलाही. कलम अकरा वाचलंय ना?
जाताना भिंती पांढऱ्या.

मोतालेब कुमिल्लाचा, सोबत भाचा जुबेर.
त्याने पत्र्याने भिंत खरवडायला घेतली
तसा आधी आमचा पांढरा सुटला,
मग कुणाचा तरी गुलाबी, मग पिस्त्यासारखा काहीतरी,
आणि दाराच्या आतल्या कडेला पेन्सिलीच्या रेघा,
शिडीसारख्या, शेजारी वेटोळी अक्षरं.
फोटो ऑफिसातल्या शीजाला पाठवला.
तिने कळवलं, एकच नाव आहे सगळीकडे, उण्णी,
आणि दर वेळी ओणम.
सहा रेघा. सातवी नाही.
"मॅडम, घासू?"
मी म्हटलं थांबा,
आणि विहंगला पाठ टेकवून उभं केलं.
चौथ्या रेघेला दोन बोटं कमी.
तो टाचा उचलत होता. मोतालेबनेच त्याचे खांदे दाबले,
हलके, हात सवयीचा असल्यासारखे.
मग म्हणाला, माझी आता केवढी झाली ते फोनमध्ये कळत नाही,
कधी फोन वर धरतात, कधी खाली.

मग घासलं.

नव्या फळ्या एकमेकींत टक् टक् बसत गेल्या.
लाकडाचं चित्र छापलेलं प्लास्टिक,
दर सातव्या फळीला तीच गाठ पुन्हा.
दुपारी मामा-भाचे तिच्यावरच आडवे झाले,
डोक्याखाली रिकामा खोका.
विहंग दोघांच्या मधून गाडी नेत राहिला,
तिचा आवाज तोंडातच ठेवून.

संध्याकाळी ऋजुता अनवाणी चालून आली.
"पोकळ वाजतंय," म्हणाली,
आणि गणिताची वही घेऊन तिथेच पालथी पडली,
कडी नसलेल्या दाराकडे पाय करून.

एकशे चाळीस रियाल, जुबेरचे पाच वेगळे.
आम्ही घरी फरशीलाही जमीनच म्हणतो, जमीन पुसली का म्हणतो.
इथे फरशी बदलता येते. तेवढी.

गीझरखाली मुगाच्या सालाचा अर्धा डबा उरलाय.
त्याच्यामागे एक पांढरा, झाकण न उघडलेला.
हा कशाला, विहंगने विचारलं.
सवलत होती, मी म्हटलं.
दोनावर एक.