हत्ती छाप

भट्टी विझली त्याला अकरा वर्षं झाली.
शेवटची कौलं काढली तेव्हा आत अजून ऊब होती,
आम्ही बायकांनी तिच्यात रताळी भाजून खाल्ली
आणि हिशेब घेऊन घरी गेलो.
मग सगळ्यांनी पत्रे घातले. मीही घातले.

आज शेळी शोधत खाणीकडं गेले.
खाण म्हणजे, जिथनं चिकणमाती काढायचो तो खड्डा.
मष्णूच्या कुदळीचे घाव अजून आहेत भिंतीवर,
डावरा होता तो, म्हणून सगळे उलट्या अंगानं झुकलेले.
त्या घावांच्या मधोमध भोकं. वीस, बावीस,
मोजता मोजता एकातनं हिरवं काहीतरी सुटलं,
वर जाऊन चतुर पकडला, तारेवर आपटला, परत आत.
वेडा राघू.
हातभर खोल बीळ, तेही चोचीनं,
हजेरीबुकात नाव नाही एकाचंही.

खाली पाणी साठलंय, दोन पुरुष खोल.
खानापूर स्टेशनातनं मालगाडी सुटली की थरथरतं.
ट्रॉलीचं चाक अर्धं बुडालेलं,
त्यावर कासव, ऊन खात, मान वर,
अगदी मुकादम.
म्हटलं, बसा की. आता कोण हटकतंय.

वाळवणीच्या शेडमधल्या फळ्या तशाच आहेत.
पूर्वी इथं रात्रभर ओली कौलं पसरलेली असायची
आणि सकाळी एखाद्या ओळीवर पावलं:
पाच बोटं, मधे गादी,
नेटकी, जणू कुणी कामावर ठेवलेलं.
मुकादम धारवाडकडचा, तो म्हणायचा, पुनुगु बेक्कु.
मष्णू म्हणायचा, उदमांजर.
रखवालदार बस्त्याव म्हणायचा, खुळे की काय तुम्ही,
कांडेचोर हाय तो, आमच्या फणसावर रोज येतो.
चहा संपेपर्यंत भांडण.
ज्याच्यावरनं भांडण तो कुठल्यातरी फांदीवर
शेपटी नाकावर घेऊन झोपलेला.
आणि कौल गेलं खराबात,
कौलामागं आठ आणे आमच्या पगारातनं.

एक मी वाचवलं होतं.
भट्टी रचताना मधल्या थरात लपवलं,
भाजून निघालं तसं पदराखालनं नेलं.
खालच्या अंगाला कारखान्याचा हत्ती, सोंड वर केलेला,
वरच्या अंगाला ते पाऊल.
आता घरात कौल म्हणून तेवढंच.
चुलीमागं असतं, त्यावर मिठाची बरणी ठेवते.

शेळी भट्टीत सापडली.
धुराड्यातनं उंबर वर गेलाय,
त्याची मुळं खाली लोंबतात, शेळी तीच चघळत होती.
वर वटवाघळं, ओल्या पोत्यासारखा वास.
आणि कोपऱ्यातल्या जुन्या राखेवर
पाच बोटं, मधे गादी.
ताजी. कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

खाली बसले, वीत लावून बघितली.
माझ्या मिठाच्या बरणीखालच्यापेक्षा जरा लहान.
नातवंड असेल.
बाजूला उंबराच्या बियांनी भरलेली विष्ठा,
म्हणजे जेवण इथंच, झोप इथंच,
भाडं नाही, खाडा नाही.
बावीस वर्षं मी या दारातनं आत आले,
आज पहिल्यांदा वाटलं, खाकरून यायला हवं होतं.

शिक्क्यावरचा हत्ती तेवढा अजून आला नाही.
नागरगाळीपर्यंत येऊन गेला म्हणतात,
कुणाचं भात तुडवून परत फिरला.

शेळीची दोरी मनगटाला गुंडाळून बाहेर पडले.
लॉरीसाठी केलेलं मोठं फाटक
गंजून अर्ध्यावर अडकलंय.
पावलांनी मोजलं. चार.
इकडं तिकडं बघितलं, मग खांदा लावून रेटलं.
पाच.