चौदावा फॉर्म

पहिला रकाना अंघोळ, दुसरा कपडे,
सातवा जिने चढणे.
चिचगावात जिना एकच, ग्रामपंचायतीचा,
त्याच्यावर लाखोरी वाळत होती.

"उजवा हात लकव्यानं नेला," बयनाबाई म्हणाल्या,
"दोन वर्सं झाले. लिही."
मी लिहिलं.

स्वयंपाक?
"करतो ना."
स्वतः, की मदतीनं?

तोवर चुलीवर पालथं मडकं तापलेलं.
कुंपणापलीकडून कौतिका आली,
न विचारता खांद्याला खांदा लावून उभी राहिली.
कणकेचा सैल गोळा
हिच्या डाव्या हातावरून तिच्या उजव्या हातावर,
पुन्हा हिच्या,
लांबला, पातळ झाला, कोपरापासून लोंबला,
इतका, की पलीकडचा जाळ दिसायला लागला.
मग दोघींनी एकदम
मडक्यावर सोडला.

स्वतः केलं तर तीन गुण.
मदतीनं, एक.

"हे बसली होती महिनाभर, नवरा गेला तवा,"
बयनाबाईंनी रोटी उलटवली,
"तवा मी येत होतो इच्या चुलीपाशी.
कोनाचं नाव टाकशीन थ्या कागदावर?"

कॉलेजात सरांनी विचारलं,
चौदाव्या फॉर्मवर हा रकाना कोरा का?
कोरा नाही, सर.
पिठाची दोन बोटं आहेत तिथं.
कुणाची, ते मला अजून सांगता येत नाही.