तिसऱ्या सीझनचा नववा भाग

साखर पेठेत, मागच्या गल्लीत,
रात्री माग थांबल्यावर शटर अर्धं ओढायचं
आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसायचं पाच जणांनी.
भिंतीवर पांढरा टर्किश ताणलेला, त्यावर प्रोजेक्टर.
म्हणून आमचं अवकाश
कायम थोडं लवदार.

कार्टून परदेशी, नावं जिभेला झेपेनात,
आम्हीच बारसं उरकलं:
कप्तान बाई ती मुकादमीण,
तीन हातांचा रोबो खटपट्या,
आणि ते जांभळं, सदा भुकेलं जे काही आहे
त्याला इरेशनं आपल्या मेव्हण्याचं नाव दिलं.
दोन सीझन असे हसलो
की शेंगाचटणी नाकात गेली.

मग नववा भाग.
खटपट्याच्या छातीतली हसायची डबी बिघडते.
मुकादमीण यान वळवते,
तीन आकाशगंगा पलीकडे सुट्या भागांचं दुकान,
ते बंद. नव्वद वर्षांपासून.
खटपट्या शटरसमोर बसतो.
बसतो.
तेवीस मिनिटांतली सहा मिनिटं नुसता बसतो
आणि शेवटी नावंसुद्धा बिनगाण्याची सरकतात.

दिवा लागला तेव्हा फाळणी झालेली होती.

"चार विनोद," इरेशनं बोटं दाखवली,
"त्यात दोन मागच्या सीझनचे शिळे.
दिवसभर बॉयलरपाशी उभं राहून
मी रडायला येतो का बे इथं?"
मुजाहिद म्हणाला, नेटपॅक माझा संपला,
हसणं नाही तर निदान स्फोट तरी दाखवायचा.

श्रीहरी चिलवेरी बोललाच नाही.
जॉबर माणूस, आवाजावरून सांगतो
कुठल्या मागाचा धोटा अडणार आहे.
त्यानं चष्मा काढला, टॉवेलला पुसला,
पुन्हा पुसला.
"इतकं खरं," म्हणाला,
"मी आजवर काही बघितलं नाही."
"रोबो आहे बे तो!"
"म्हणूनच."

एवढ्यावर दोन दिवस अबोला.
चहा वेगळा, कट्टा वेगळा,
इरेश पार्क चौकात, श्रीहरी कन्ना चौकात,
मध्ये मुजाहिद, निरोप्या,
दोन्हीकडचा चहा पिऊन झोप उडालेला.

अंबूबाईचं तर तिसरंच.
तिला भाषा कळत नाही, ती घड्या घालता घालता बघते.
श्रीहरीचे डोळे भरले नेमके त्याच जागी
ती खो खो हसली होती.
विचारलं, तर तेलुगूत सुरू करून मराठीत उतरली:
"आमचे हे असंच बसायचे रे,
गिरणीच्या फाटकासमोर, वर्षभर.
दोनच हात होते म्हणून दोनच डोक्याला.
तिसरा असता तर तोही लावला असता!"
आणि पुन्हा हसली,
घडी चुकली तिची, उलगडून परत घातली.

आता सगळे माझ्याकडे बघतात.
नागेश, तू सांग. दोन विरुद्ध एक,
अंबूबाई कुठल्या बाजूला धरायची ठरेना,
तुझं मत निर्णायक.
मी जांभई देतो, म्हणतो, भाग तसा ठीक होता.

खरं सांगू?
ती सहा मिनिटं मी नव्हतोच.
पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं,
मागच्या दाराने पळालो, मोटर लावली,
दोन पिंपं, कळशी, आईचं तांब्याचं तपेलं,
भरत होतो अंधारात.
परत आलो तर पडद्यावर नुसती नावं,
आणि चार जण
चार ग्रहांवर.

फोनमध्ये उतरवून ठेवलाय तो भाग.
रोज रात्री उघडतो, सतराव्या मिनिटाला थांबवतो.
शटर दिसतं, खटपट्या अजून उभा असतो,
गुडघे वाकवायच्या बेतात.

बसू दे त्याला कधीतरी.
आज पुन्हा पाणी यायचंय.