एक हात कमरेमागं

माग थांबेपर्यंत मीटर काढायचं नाही.
विट्यात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही,
पण चार गल्ल्या खडखडत असल्या
की लाइनीचा काटा एकशे नव्वदवर लटपटतो
आणि धोट्याचा प्रत्येक हिसका
व्हॉल्व्हच्या काचेतून हॉर्नमध्ये उतरतो.

साडेअकराला पाळी सुटली.
दोनशे अठ्ठावीस.
मी शटर अर्धं ओढलं.

ताट्यांच्या तंबू टॉकीजचा अ‍ॅम्प्लिफायर.
तंबू गेला, मशीन भंगारात गेलं,
हा तेवढा सुमेधनं कणगीमागून काढला.
आत जोंधळ्याचे दाणे, वाळलेली पाल.
"आवाज वाढंल न्हवं?" तीनदा विचारून गेला.

आवाजाचं नाही रे हे.
काहीच वाजत नसताना
किती जळत राहायचं,
तेवढं ठरवायचं असतं.

"एक हात खिशात," अब्बा सांगायचे,
"छातीतनं वाट देऊ नको त्याला."
माझ्या ड्रेसला खिसा नाही.
डावा हात कमरेमागं, मुठीत ओढणीचं टोक,
आणि समोर सव्वाचारशे व्होल्ट.

ग्रिडवर उणे चाळीस. स्क्रू तिळाएवढा फिरवला.
उणे सदतीस.
डावा एकतीस मिलिअँपिअर, उजवा चाळीस.
दोघांत मिळून एकच स्क्रू.
उजवा नवा, पुण्याहून मागवलेला.
डावा मूळचा, माथ्याला काजळलेला.

दिवा घालवला.
गाभ्यातलं केशरी चालतं,
पण उजव्याच्या करड्या पत्र्यावर, सांध्यापाशी,
नखाएवढी लाली.
पटकन मागं घेतलं. उणे एकोणचाळीस.
आता डावा उपाशी;
हळू आवाजाला कच लागणार, भाकरीला लागते तशी.
पुढं. मागं. पुढं.

अंधार बघून अब्बा उठून आले.
हॉर्नपुढं चाळीस वर्षं काढून कान गेलेत त्यांचे.
ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला, उजव्याकडं बोट केलं.
"हावरा हाय. स्क्रूला कशाला छळतीस?
त्याच्या कॅथोडखाली पन्नास ओम दे."
आणि पाणी पिऊन परत झोपले.

बंद केला. कपॅसिटर रिकामे होईतो थांबले.
डाग दिला. पुन्हा उणे सदतीस.
एकतीस, तेहेतीस.
वीस मिनिटं नुसती बसून राहिले,
तरी एकतीस, तेहेतीस.

झाकण लावताना आतल्या बाजूला
पेन्सिलचं अक्षर दिसलं, अब्बांचं:
खरसुंडी, जनरेटर, उणे ३४.
पुसेसावळी, लाइन कमी, ३३.
आटपाडी, ३६, पाऊस, खेळ बंद.

खाली मी लिहिलं: विटा, ३७, माग बंद.
सातला माग सुरू होतील
आणि यातलं निम्मं खोटं ठरेल.
तरी तारीख टाकली.