बुधवारची गाबोळी

गणपती गेले. नवरात्र अजून लांब.
मधले हे दिवस आमच्या तव्यालासुद्धा कळतात.

साडेदहाला जिन्यातून आवाज चढत येतो,
'वयनीऽ, बांगडा हाय, बगा तरी!'
बगा तरी म्हणजे घेतलाच समजा.
यमुनाबाय पाटी टेकते ती आमच्याच दारात.
कन्नमवार नगर, चौथा मजला,
इथे म्हणे खाडीचा वारा लागतो.
मला विचाराल तर पंख्याचा लागतो, दार उघडं असतं म्हणून.

मी भाव पाडते. ती कपाळावर हात मारते.
मी दार लोटल्यासारखं करते, ती पाटी उचलल्यासारखी.
शेवटी कितीला द्यायचे ते दोघींना
पहिल्या पायरीपासून माहीत असतं.

मग विळीवर एकेक पोट उघडत जातं,
आणि माझ्याकडे न बघता ती
केशरी, ओलसर, बोटाएवढ्या जोड्या
वाटीत वेगळ्या काढते.
'ही तुमची.'

माझी.
कपाटातला खालचा खण माझा,
त्यात इस्त्रीला न गेलेले सगळ्यांचे शर्ट.
खिडकीतला कढीपत्ता माझा,
तो मजल्यावरच्या सहा घरांत फोडणीला जातो.
गाबोळी मात्र माझी.

सव्वा वाजता घरात कोणी नसतं.
हे भांडुपला, वर्कशॉपमध्ये.
निनाद कॉलेजात, किंवा कॉलेजच्या बाहेर.
कुकर निवलेला, धुणं दोरीवर,
नळाला चार वाजेपर्यंत सुट्टी.
हळद, तिखट, मीठ, आगळाचे चार थेंब,
आणि झाकण. झाकण हवंच.
गाबोळी तेलात पडली की बोलायला लागते,
मधेच अंगावर येते.
मनगटावर एक डाग आहे जुना,
घड्याळाच्या पट्ट्याखाली बरोबर मावतो.

ताट घेत नाही. घेतलं की घासावं लागतं.
ओट्याला कंबर टेकून, तव्यातूनच,
कालच्या भाकरीच्या कडेने उचलायची.
बाहेर कुरकुरीत, आत रवाळ,
दाताखाली बारीक बारीक फुटणारी.
समोरच्या इमारतीत कुणाची तरी चादर
अर्धी खाली लोंबतेय. लोंबू दे.
ही सात-आठ मिनिटं मी
कुणाला हाक मारत नाही,
आणि मला कोणी.

आज लॅच वाजलं.
तेजल. दप्तर एका खांद्यावर, बूट हातात.
'शेवटचे दोन तास ऑफ होते. कसला वास येतोय?
आई, तू उभी राहून काय खातेस?'

तोंडात घास. खोटं बोलायलाही जागा नाही.
अठरा वर्षांच्या संसारात
पहिल्यांदा चोरी पकडली गेली,
तीही पाचेक ग्रॅमची.

ती आली. तव्यात डोकावली.
'म्हणजे दर बुधवारी?'
'दर बुधवारी नाही. असली तर.'
'आणि आम्हाला सांगतेस, माशाला नव्हतीच.'
मी काही बोलले नाही.
उरलेल्या तुकड्याचे दोन केले,
मोठा तिच्याकडे सरकवला.
तिने तो परत माझ्याकडे ढकलला आणि लहान उचलला.
कुठे शिकली असेल?
मग आम्ही दोघी ओट्याला टेकून,
दोघींचे कोपर एकमेकींना लागत,
त्या चादरीकडे बघत राहिलो.
'पडणार ती,' तेजल म्हणाली.
'नाही पडणार,' मी म्हटलं. 'चिमटा आहे.'

रात्री ताटात तिखलं, भात, सोलकढी.
हे काटा बाजूला काढत म्हणाले,
'यंदा बांगड्याला गाबोळी धरतच नाही वाटतं.'
'समुद्र तापतोय,' निनादने फोनमधून डोकं न काढता सांगितलं,
'सगळीकडे हेच चाललंय.'
तेजलला ठसका लागला.
मी पाण्याचं भांडं पुढे केलं,
पाठीवरून हात फिरवला,
जरा जोरातच.

'हळू जेव,' म्हटलं.
'काटा असेल.'

भांडी झाली. ओटा पुसला, लिंबाची साल फिरवली.
वास राहिलाच थोडा, बोटांना.
उद्या गुरुवार.
मटकीला मोड आलेत का, ते बघायला हवं.