नारळ

लॉन माझं नव्हे.
मुलानं लावलं, बेंगळूरहून दोन दिवस येऊन,
आणि परत जाताना म्हणाला, आई, फक्त कापून घेत जा.
फक्त.

तेव्हापासून भरमाण्णा.
सुळेभावीचा. मशीन त्याचं स्वतःचं,
टीव्हीएसच्या मागं सुतळीनं बांधलेलं.
मंगळवार ठरला होता,
मंगळवार सोडून तो कधीही येई.
जाताना गेट सताड टाकून जाई,
एकदा कुणाची म्हैस येऊन तेरडा खाऊन गेली.
फोन केला की, "नाळी बर्तेनरी, अक्कारऽ,"
उद्या येतो,
आणि त्या 'नाळी'त इतका गोडवा
की उद्या म्हणून काही असतंच, असं वाटे.

एकदा दुसऱ्या रेल्वे गेटात अडकला, दोन तास.
एवढी लांब गाडी मिरजेहून सुटत नाही.
एकदा सौंदत्तीला, देवीला.
मेहुणी वारली, ती तीनदा.
पातं धार लावायला शहापुरात दिलं,
तर धारवालाच हुबळीला.

गेल्या महिन्यात निम्मं कापलं
आणि चहा पिऊन येतो म्हणून गेला.
नऊ दिवस ते लॉन
न्हाव्याच्या हाताखालून पळालेल्या पोरासारखं,
एकीकडे तुळतुळीत, एकीकडे रान.
हलगेकरबाई कुंपणावरून म्हणाल्या,
"डिझाइन आहे काय हो?"

तेव्हा ठरवलं.
पण म्हणायचं कसं?
चाळीस वर्षं टिळकवाडीत, आणि माझं कन्नड
तराजूपुरतं, बसपुरतं:
एष्टु, कडिमी माड्री, इल्ली निल्लसरी.
'ब्याड' येतं, नको,
पण ते दारावर साबण विकायला आलेल्याला.
'साकु' येतं, पुरे.
तेवढा एक शब्द
सौम्य वाटला. घोकून ठेवला.

तीस वर्षं पोरांना वाक्प्रचार शिकवले.
नारळ देणे: कामावरून काढून टाकणे.
वाक्यात उपयोग करा.
पोरं करायची, मी लाल शाईनं मार्क द्यायची,
कुणाच्या हातावर खरा ठेवायची वेळ
माझ्यावर आली नव्हती.
गणपत गल्लीतून एक आणला, शेंडी बघून, वाजवून,
चाळीस रुपयांचा.
निदान तो नासका निघायला नको.

आणि तो आला. मंगळवारी.
मंगळवारी, अकराला!
उरलेलं निम्मं कापलं, मग विळ्यानं कडा,
मग जास्वंदीखाली पालथा पडून तिथलंसुद्धा,
जिथं आजवर त्यानं वाकून पाहिलं नव्हतं.
हिरवा वास स्वयंपाकघरापर्यंत आला
आणि जमवलेल्या वाक्याचं माझं
क्रियापदच हरवलं.

चहा ओतत होते.
त्यानं कपावर हात आडवा धरला,
"साकरी."
माझा शब्द. तोच घेऊन बसला.

मग पाकीट दिलं, दोन महिन्यांचे जास्तीचे घालून,
त्यावर नारळ.
म्हटलं, भरमाण्णा, मुलगा म्हणतोय
इथं आता फरशी घालायची.
धडधडीत खोटं, आणि बिनचूक जमलं.
संगतीचा गुण असेल.

त्यानं लॉनकडे पाहिलं,
नुकतं कापलेलं, ओलं.
मग नारळ कानाशी नेऊन हलवला,
"नीर ऐति," म्हणाला, पाणी आहे,
आणि तो मशीनच्या पिशवीत ठेवला, विळ्याशेजारी.
कन्नडात नारळ दिला म्हणजे काय होतं,
मला ठाऊक नाही.
विचारणार होते कुणाला तरी.
विचारलं नाही.

बाहेर टीव्हीएस तीन किकांत सुरू झाली नाही.
मी पडद्यामागं उभी.
चौथ्या किकेला झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे
दूधवाला रस्त्यावरून हाका मारत होता,
अहो बाई,
आज गेटाची कडी कुणी लावली?